साहेबांना विचारू कसं? ओजेटीला गेलेल्या एका मुलीची गोष्ट

"मॅडम, मी ज्या कंपनीत ट्रेनिंगला जातेय तिथले साहेब खूप चांगले आहेत, त्यांना माझ्या करिअरबद्दल विचारायचंय पण धाडसच होत नाही. ते काय म्हणतील, वेळ देतील का, आणि विचारायचं तरी नेमकं काय?" जळगाव, धुळे, नंदुरबार, तिन्हीकडच्या पोरापोरींकडून हा प्रश्न मला सारखा येतो, शब्द फक्त बदलतात. आता कॉलेजमध्ये नवीन शैक्षणिक धोरणामुळे ऑन जॉब ट्रेनिंग, म्हणजे ओजेटी आलं, चार क्रेडिटचं म्हणजे साधारण १२० तासांचं, त्यामुळे जी मुलं आधी कधी कंपनीच्या गेटच्या आत गेली नसती ती आता रोज आत जातायत, साहेब लोकांच्या शेजारी उभी राहतायत, आणि तरी विचारायला जीभ उचलत नाही.

आपल्याकडची अर्धीअधिक मुलं घरातली पहिली पदवीधर असतात हो. घरी वावर, नाहीतर किराणा दुकान, नाहीतर वडील एसटीत. ऑफिस आतून बघितलेला माणूस नात्यात एखादाच, तोही सुरतला किंवा पुण्याला. मग कंपनीत गळ्यात आयकार्ड घातलेला पहिला भला माणूस भेटला की दोन गोष्टी होतात. आधी त्याच्यासमोर तोंडच उघडत नाही. आणि एकदा का तो काही बोलला की ते वाक्य कोर्टाच्या निकालासारखं डोक्यात बसतं. मला जास्त काळजी या दुसऱ्या गोष्टीची वाटते, आणि हर्षाची गोष्ट सांगायचं कारण हेच की तिच्यात दोन्ही गोष्टी एकदमच झाल्या होत्या. (हर्षा हे नाव मी दिलेलं, ओळख पटेल असे बाकीचे तपशीलही बदललेत, तिला विचारूनच लिहितेय.)

हर्षा पारोळा तालुक्यातली. घरी कपाशी आणि थोडी ज्वारी. जळगावला मैत्रिणींसोबत रूम करून राहते, बी.एस्सी. केमिस्ट्री, शेवटचं वर्ष. जळगावची एमआयडीसी म्हणजे पाईप, ठिबक, चटई, डाळ मिल, तिला ओजेटीला एक पाईपची कंपनी मिळाली, तिथल्या क्वालिटी लॅबमध्ये. ती माझ्याकडे आली तेव्हा प्रश्न वेगळाच होता. खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाली, "मॅडम, मी केमिस्ट्री सोडून देऊ का?"

मी म्हटलं, अगं शेवटच्या वर्षाला काय सोडतेस, झालं काय ते तर सांग. मग हळूहळू निघालं. घरी वडिलांचं म्हणणं एमपीएससी कर. मामांचं म्हणणं बी.एड., मुलीसाठी बरं. रूमवरच्या दोघी पुण्याला क्लास लावायला निघालेल्या. हिला स्वतःला लॅबचं काम आवडायला लागलं होतं, पण ते कुणाला सांगितलेलं नव्हतं. आणि एक दिवस चहाच्या वेळेला लॅबचे साहेब दुसऱ्या कुणाशी तरी बोलताना हिने ऐकलं, "एम.एस्सी. करून आलेला पोरगाही शेवटी याच टेबलाला बसतो." बस्स. तेवढंच वाक्य. तिच्याशी बोललेलं नाही, तिच्याबद्दल बोललेलं नाही, मागचं-पुढचं काही माहीत नाही, पण त्या वाक्यावर पोरगी कितीतरी रात्री झोपली नव्हती.

मी विचारलं, मग साहेबांनाच का नाही विचारलं की सर तुम्ही असं का म्हणालात? तर तिने मोबाइल काढून दाखवला. व्हॉट्सॲपमध्ये मेसेज टाइप करून ठेवलेला, पाठवलेला नाही, कितीतरी दिवसांपासून तसाच पडलेला. मेसेज असा होता: "आदरणीय सर, सर्वप्रथम आपणास त्रास दिल्याबद्दल क्षमस्व. मी आपल्या कंपनीत ओजेटी करणारी एक सामान्य विद्यार्थिनी असून आपण माझ्या भविष्याविषयी अमूल्य मार्गदर्शन करून मला योग्य दिशा दाखवावी ही नम्र विनंती."

अगदी असेच मेसेज मी खूप मुलांच्या मोबाइलमध्ये बघितलेत. यात उद्धटपणा नाही, मन साफ आहे, पण वाचणाऱ्याने करायचं काय? "भविष्याविषयी मार्गदर्शन" म्हणजे नेमकं काय सांगायचं त्या माणसाने, शिफ्ट चालू आहे, मशीनवर लाइन थांबलीये, डिस्पॅचवाला डोक्यावर उभा आहे. फार तर तो लिहील "मेहनत कर, यश नक्की मिळेल". आणि मग मूल म्हणतं, बघा, साहेबांना माझ्यात इंटरेस्टच नाही. पाठवला असता तर नेमकं हेच झालं असतं, हे मी हर्षाला सांगितलं आणि तिला ते पटलं.

तिला भीती कसली होती हे मी तिच्याकडून एकेक करून बोलून घेतलं. एक, साहेब बिझी आहेत. दोन, त्यांना वाटेल ही नोकरी मागायला आली. आणि तिसरी भीती ती खूप वेळाने बोलली, मान खाली घालून, की मॅडम, पुरुष माणसाला मेसेज करायचा, लॅबमधले लोक काय म्हणतील, गावाकडे कुणी ऐकलं तर.

ही तिसरी भीती कुणीही हसण्यावारी नेऊ नये. आपल्या भागात ती खरी आहे आणि मुलीच नाही, त्यांच्या आया पण याच भीतीने झोपत नाहीत. मी हर्षाला स्पष्ट सांगितलं की भेटायचं ते कामाच्या वेळेत, लॅबमध्येच, जिथे चार लोक येता-जाता दिसतात तिथे. मेसेज दिवसा. बोलणं कामाचं. कुणी "संध्याकाळी बाहेर कॉफीला बोलू" म्हणालं तर सरळ "सर, लॅबमध्येच बोलू" म्हणायचं, कारण द्यायची गरज नाही. आणि हे प्रत्येक मुलीला माहीत पाहिजे की कामाच्या ठिकाणी लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा ट्रेनी आणि अप्रेंटिसलाही लागू होतो, दहा किंवा जास्त माणसं कामाला असली की तिथे अंतर्गत समिती असावीच लागते. हर्षाच्या बाबतीत तशी काहीच वेळ आली नाही, साहेब अतिशय सरळ माणूस. पण हे माहीत असलं की मुलगी जरा ताठ मानेने बोलते, हे मी पाहिलंय.

मग आम्ही कागद घेऊन बसलो. मी म्हटलं, तुला जे विचारायचंय ते सगळं लिही, चांगलं-वाईट बघू नको. तिने लिहिलं: मी काय करू? केमिस्ट्रीत स्कोप आहे का? एम.एस्सी. करू की नको? पॅकेज किती मिळेल? एमपीएससी करावं का? सगळे प्रश्न असे की समोरच्याने तिच्या आयुष्याचा निर्णय घेऊन तिच्या हातात द्यायचा. मी तिला एवढंच म्हटलं की बाई, त्यांच्या वावरात काय पिकलं हे ते छान सांगतील, पण तुझी जमीन त्यांनी पाहिलेली नाही, पाण्याचं तुझं तुलाच बघावं लागणार. म्हणून जे त्यांनी डोळ्यांनी बघितलंय तेवढंच विचार. त्यांचं काम, त्यांच्या लॅबमध्ये आलेली माणसं, आणि इतक्या दिवसांत त्यांनी पाहिलेलं तुझं काम.

त्या हिशोबाने प्रश्न बदलले. पहिला, सर, लॅबमध्ये नवीन माणूस घेताना तुम्ही काय बघता? दुसरा, बी.एस्सी.वाला आणि एम.एस्सी.वाला, दोघं इथे आले तर चार-पाच वर्षांनी त्यांच्या कामात काय फरक पडलेला तुम्ही बघितलाय? तिसरा, माझ्या कामात तुम्हाला चांगलं काय दिसलं आणि कच्चं काय दिसलं?

तिसरा प्रश्न लिहायला ती तयारच होईना. म्हणे, मॅडम, त्यांनी वाईट सांगितलं तर? मी म्हटलं, तर इतर कुणीही न सांगितलेली गोष्ट तुला फुकट कळेल. कॉलेजचे सर मार्क बघतात, घरचे माया बघतात, तुला काम करताना रोज बघणारा तो एकच माणूस आहे. तोच प्रश्न सोडलास तर बाकीचं सगळं तुला मोबाइलवर पण सापडेल.

नवीन मेसेज असा झाला: "नमस्कार सर, मी हर्षा, क्वालिटी लॅबमध्ये ओजेटीला आहे. बी.एस्सी.नंतर एम.एस्सी. करावं की प्लास्टिक टेस्टिंगचा एखादा कोर्स, यात गोंधळ आहे. तुम्ही या लाइनमध्ये आहात म्हणून तीन प्रश्न विचारायचे होते, पंधरा-वीस मिनिटं लागतील. या आठवड्यात चहाच्या सुट्टीनंतर लॅबमध्येच चालेल का? नाही जमलं तरी काही हरकत नाही." कोण, कशासाठी, किती वेळ, कुठे, आणि नाही म्हणायची मोकळीक. एवढं असलं की मोठा माणूस सहसा टाळत नाही, कारण त्याला अंदाज येतो की आपलं किती जाणार.

साहेबांचं उत्तर आलं, "उद्या ४ वाजता. येताना टेस्टचं रजिस्टर आण." आणि हर्षाचा मला घाबरून फोन, मॅडम रजिस्टर कशाला, माझं काही चुकलंय का?

त्या रजिस्टरमध्ये काय होतं ते सांगते, कारण खरी गोष्ट तिथेच आहे. पीव्हीसी पाईपची एक टेस्ट असते, रिव्हर्शन म्हणतात. पाईपच्या तुकड्यावर ठरावीक अंतरावर दोन खुणा करायच्या, १५० डिग्रीच्या ओव्हनमध्ये ठेवायचा, थंड झाला की खुणांमधलं अंतर परत मोजायचं, किती आकसलं ते बघायचं. पिण्याच्या पाण्याच्या पाईपसाठी जे भारतीय मानक आहे, आयएस ४९८५, त्यात हा फरक ५ टक्क्यांच्या वर चालत नाही. हर्षा ही टेस्ट रोज करायची. साहेबांनी पान उघडलं आणि तिच्या अक्षरातल्या आकड्यांवर बोट ठेवलं. ४.७, ४.९, ४.६, मग एका दिवशी ५.३, आणि शेजारी तिने लिहिलेलं, "लिमिटच्या वर, सरांना सांगितले". साहेब म्हणाले, "ट्रेनिंगला आलेली पोरं काठावरचं रीडिंग आलं की बरोबर पाचच्या आत बसवून मोकळी होतात, त्यांना वाटतं वर लिहिलं तर आपल्यावर येईल. तू जे दिसलं ते लिहिलंस आणि त्याच दिवशी येऊन सांगितलंस. त्या बॅचचे तुकडे आम्ही परत घेतले. लॅबमध्ये मला हा माणूस लागतो, बाकीचं शिकवता येतं."

हे मला सांगताना तिचा आवाज भरून आला होता. तीन वर्षांत तिच्या कामाबद्दल कुणी इतकं नेमकं बोललंच नव्हतं.

आणि कच्चं काय तेही त्यांनी सांगितलं, तेवढंच नेमकं. तू टेस्ट करतेस पण ती का करतात हे विचारत नाहीस. आणि मशीनवरच्या ऑपरेटरशी तू बोलतच नाहीस, निरोप दुसऱ्याकडून पाठवतेस, क्वालिटीचं काम लॅबमध्ये बसून होत नाही, पाईप बिघडतो तो मशीनवर. लाजाळूपणा घरी ठेव म्हणाले.

चहाच्या वेळचं ते वाक्य तिने विचारावं असं मी तिला बजावलं होतं. तिने विचारलं. साहेबांना ते आठवतही नव्हतं. थोडा विचार करून म्हणाले, अरे हो, तो पोरगा, दुसरं काही सुचत नाही म्हणून एम.एस्सी. केलेला, त्याच्याबद्दल बोललो असेन. मग त्यांनी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर दिलं ते असं की आमच्या पाईपच्या लॅबमध्ये एम.एस्सी.ने सुरुवातीला फार फरक पडत नाही, इथे मानकं कुणाला समजतात आणि मशीन कुणाला कळतं यावर माणूस पुढे जातो, पण औषध कंपनीत किंवा रिसर्चमध्ये जायचं तर एम.एस्सी. लागेलच आणि तिथलं मला माहीत नाही. प्लास्टिकमध्येच राहायचं असेल तर सिपेट, म्हणजे प्लास्टिकचं शिक्षण देणारी सरकारी संस्था, ती बघ. एमपीएससीबद्दल म्हणाले, "त्यातलं मला काही कळत नाही, ज्याने परीक्षा दिलीये त्याला विचार." माझ्या मते हा माणूस चांगला मेंटर आहे हे या एका उत्तरावरून कळतं. ज्याला आपल्याला काय माहीत नाही ते सांगता येतं, त्याने सांगितलेल्या बाकीच्या गोष्टींवर भरवसा ठेवायला हरकत नसते.

नंतर हर्षा परत आली तेव्हा ती सरळ म्हणाली, मॅडम, ठरलं, सिपेट. मी म्हटलं, थांब. हेच मी वर म्हटलं ते, निकाल लागल्यासारखं घेणं. आम्ही साहेबांचं सगळं बोलणं तीन भागांत लिहून काढलं: जे तपासून बघता येतं, जे त्यांच्या स्वतःच्या अनुभवाचं आहे, आणि जे हर्षाबद्दल आहे. तपासायचं ते तिनेच तपासलं. सिपेट ही केंद्र सरकारच्या रसायन व खते मंत्रालयाखालची संस्था, आपल्याला जवळचं केंद्र छत्रपती संभाजीनगरला, बी.एस्सी.वाल्यांसाठी प्लास्टिक प्रोसेसिंग आणि टेस्टिंगचा दोन वर्षांचा पदव्युत्तर डिप्लोमा आहे, त्याला प्रवेश परीक्षा असते. एम.एस्सी.साठी आपलं बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ जळगावातच आहे. आणि आयआयटीत एम.एस्सी. करायचं तर जॅम परीक्षा, शेवटच्या वर्षाची मुलंही देऊ शकतात, पण फॉर्म आदल्या वर्षीच सप्टेंबरच्या सुमारास सुरू होतात आणि परीक्षा फेब्रुवारीत, म्हणजे तिची यंदाची वेळ निघून गेली होती. हे तिला आधी कुणी सांगितलंच नव्हतं, ही चुटपुट मलाही लागली. तुमच्यातलं कुणी सेकंड इयरला असेल तर हे आत्ताच लिहून ठेवा.

एमपीएससीचं भूत असं उतरलं की तिने वयाची अट वाचली. राज्यसेवेला खुल्या गटात ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ वर्षांपर्यंत बसता येतं. ती वीस-एकवीसची. म्हणजे यंदा पुण्याला गेली नाही तर दार बंद होतंय असं काही नव्हतं, ते रूमवरच्या चर्चेनं वाटत होतं. दोन वर्षांचं शिक्षण आणि हातात काम घेऊनही पुढे तो रस्ता उघडाच राहतो, शिवाय तेव्हा ती परीक्षा देईल ती पोटाच्या काळजीशिवाय.

घरी सांगणं राहिलं होतं. तिला वाटत होतं वडील ऐकणारच नाहीत. ती गावी गेली, रजिस्टरची गोष्ट वडिलांना सांगितली, साहेब काय म्हणाले ते सांगितलं, खर्चाचा कागद पुढे ठेवला. वडील बराच वेळ कागद बघत बसले आणि म्हणाले, "साहेब काय म्हनना ते ठीक शे, पन तुले काय करनं शे ते तूच सांग." मला हे ऐकून फार बरं वाटलं. आम्ही इतका वेळ बसून जे करत होतो ते त्या माणसाने ओट्यावर बसल्या बसल्या एका वाक्यात विचारलं. आणि हर्षाने तेव्हा पहिल्यांदा घरात सांगितलं की मला लॅबचं काम आवडतं.

तिने सिपेटचा फॉर्म भरला आणि विद्यापीठाच्या एम.एस्सी.चाही भरला, जिथे आधी नंबर लागेल आणि खर्च झेपेल ते बघू म्हणाली. मामा अजून नाराज आहेत, ते होणारच.

एक गोष्ट मात्र तिने माझ्या आग्रहाने केली जी शंभरातली पाच मुलंही करत नाहीत. साहेबांना परत मेसेज केला, की सर तुम्ही सांगितल्यावर मी हे तपासलं, हे फॉर्म भरले, आणि आता रोज सकाळी आधी मशीनवर जाऊन ऑपरेटर काकांशी बोलून मग लॅबमध्ये येते. आपण सल्ला घेतो आणि गायब होतो, मग पुढच्या वेळी तोंड दाखवायची लाज वाटते. सांगणाऱ्यालाही कळायला हवं ना की आपण सांगितलेल्याचं पुढे काय झालं. साहेबांनी उलट तिला ऑडिटच्या दिवशी शेजारी बसवून घेतलं, कागद कसे दाखवायचे, प्रश्न कसे येतात ते बघ म्हणून.

सगळे साहेब असे नसतात हेही सांगते. धुळ्याचा एक मुलगा, बी.कॉम., एका ऑफिसात अकाउंटचं काम करता करता शिकणारा, त्याला मालक म्हणायचे पुढे शिकून काय करतोस, इथेच राहा, मी बघतो तुझं. माणूस वाईट नव्हता, पण हा मुलगा गेला तर त्यांचं काम अडणार होतं. ज्याचं आपल्यावाचून अडतं त्याने "राहा" म्हटलं तर तो सल्ला आणि त्याची गरज, दोन्ही एकत्र आलेलं असतं. अशा वेळी त्याच कामातला पण त्या ऑफिसबाहेरचा दुसरा माणूस शोधायचा. कॉलेजचे दोन-तीन वर्षं आधी पास झालेले सीनियर यासाठी सगळ्यात चांगले, त्यांना सगळं ताजं आठवतं आणि लपवायचं काही नसतं.

आणि शेवटचा प्रश्न, जो हमखास येतो: मॅडम, मेसेज केला आणि उत्तरच आलं नाही तर? आठ दिवस थांबा. मग एकदाच आठवण करा, एका ओळीत, "सर, मागच्या आठवड्यात विचारलं होतं, सवडीने सांगा." तरी नाही आलं तर राग धरू नका, दुसऱ्याला विचारा, ओजेटी संपायच्या आत विचारा, कारण गेटपास जमा केला की तोच माणूस दहापट लांब जातो. मेसेज लिहायला जमत नसेल तर कागदावर खरडून माझ्याकडे आणा, बसून नीट करू.